नंदुरबारची गाडी सुरतकडेच का वळते? तापी खोऱ्यातल्या एका स्टेशनची सव्वाशे वर्षं

धानोऱ्यासारख्या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. महसूल आयुक्तांकडे अपील करायचं असेल तर नाशिक. जुनी ओळखपाळख, कोर्टकचेरी, नातेवाईक यांच्यासाठी धुळे. या दोन्ही ठिकाणी जायला एसटी. पण काम शोधायचं असेल, दवाखाना गाठायचा असेल, लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर सुरत, आणि सुरतेला जायला नंदुरबार स्टेशनावरून रेल्वे.

म्हणजे जिल्ह्याचा सरकारी कारभार दक्षिणेकडे पाहतो आणि जिल्ह्याची गाडी पश्चिमेकडे पळते. नंदुरबारहून धुळे रस्त्याने शंभर किलोमीटरही नाही. तेच अंतर रेल्वेने कापायचं ठरवलं तर आधी पूर्वेला जळगाव, तिथून उलटं पश्चिमेला चाळीसगाव आणि मग पुन्हा वर धुळे, असा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा पडतो. कुणी असा प्रवास करत नाही, पण नकाशावर तो एकदा पाहण्यासारखा आहे. हा मार्ग असा का आखला गेला, त्याचं उत्तर नंदुरबार स्टेशनाच्याही आधीच्या काळात सापडतं.

रुळांच्या आधीची वाट

सुरत हे मुघल काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं बंदर आणि बऱ्हाणपूर हे दख्खनचं दार. या दोघांना जोडणारा रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो याच वाटेने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही या रस्त्याचं वर्णन केलं आहे आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, अशी नोंद करून ठेवली आहे. १६६६ मध्ये नंदुरबारला इंग्रजांची वखार होती. आज आडबाजूचा वाटणारा हा जिल्हा तेव्हा हमरस्त्यावर होता.

एकोणिसाव्या शतकातही नंदुरबार, तळोदा, शहादा या भागातलं रोशा गवताचं तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला जात असे. या तेलाला गुलाबासारखा वास असतो, त्यामुळे परदेशात ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायला वापरत. मालाची आणि माणसांची ओढ सुरतेकडे होती ती अशी जुनी. रेल्वेने ती निर्माण केली नाही, फक्त पक्की केली.

सह्याद्री चढायचा की टाळायचा?

१८५० च्या दशकात मुंबईहून आत देशात रेल्वे न्यायची तर मोठा अडसर होता सह्याद्रीचा. जीआयपी रेल्वेने तो थेट अंगावर घेतला. भोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट म्हणजे कसारा घाट १८६५ मध्ये पार झाला. दोन्हीकडे चढ इतका की ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढायची. त्यासाठी बोगदे, पूल आणि हजारो मजुरांचे जीव खर्ची पडले.

दुसरी कंपनी होती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय. तिचे इंजिनिअर कर्नल जॉन पिट केनेडी यांचं म्हणणं वेगळं होतं. घाट चढण्याचा अट्टहास कशाला? तापी नदीने सह्याद्री आणि सातपुडा यांच्यामध्ये निसर्गाचीच वाट काढून ठेवली आहे. सुरतेहून त्या खोऱ्याने वर गेलं की खानदेश, वऱ्हाडचा कापूस फारसा चढउतार न लागता समुद्रापर्यंत आणता येईल. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड होता. पण मुंबई हे बंदर आणि राजधानी दोन्ही असल्यामुळे सरकारचं आणि भांडवलाचं वजन घाटाच्या मार्गाकडे झुकलं. १८६५ मध्ये जीआयपीची गाडी भुसावळला पोचली, १८६७ मध्ये नागपूरला. खानदेशचा कापूस मनमाड, नाशिकमार्गे मुंबईला जाऊ लागला. तापी खोऱ्याची कल्पना तीसएक वर्षं मागे पडली.

त्या तीस वर्षांत पूर्व खानदेशात जळगाव वाढलं, भुसावळ तर रेल्वेनेच घडवलं. पश्चिमेकडचं नंदुरबार मात्र जुन्या बैलवाटेवरच राहिलं.

कंपनीची रेल्वे

१८९० च्या दशकात सरकारचं धोरण बदललं. मुख्य मार्ग बांधून झाले होते. आता त्यांना माल पुरवणारे फाटे हवे होते, पण त्यासाठी तिजोरीतून पैसा काढायची तयारी नव्हती. म्हणून खासगी कंपन्यांना सवलती देऊन बोलावण्यात आलं. जमीन सरकार देणार, गाड्या शेजारची मोठी रेल्वे चालवणार आणि नव्या फाट्यामुळे मोठ्या रेल्वेला जी जादा वाहतूक मिळेल तिच्या उत्पन्नातला काही वाटा फाट्याच्या भागधारकांना मिळणार, असा साधारण व्यवहार होता.

मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने ही संधी घेतली आणि ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ ही कंपनी उभी केली. याच पेढीचं नाव विदर्भातल्या ‘शकुंतला’ रेल्वेमुळे मराठी वाचकांना जास्त ओळखीचं आहे. दोन्हीत एक मोठा फरक आहे. शकुंतला अरुंद रुळांची होती आणि तशीच राहिली. तापी खोऱ्याची रेल्वे पहिल्यापासून साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज बांधली गेली. हा निर्णय त्या वेळी खर्चिक वाटला असेल, पण पुढे अहमदाबाद ते हावडा किंवा चेन्नई अशा लांब पल्ल्याच्या गाड्या नंदुरबारवरून धावू शकल्या त्या या साडेपाच फुटांमुळे. रूळ अरुंद असते तर हा मार्गही दशकानुदशकं रूळ रुंद होण्याची वाट पाहत बसला असता.

सुरतेकडून रूळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकले आणि १९०० मध्ये अमळनेरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वाहतुकीला खुली झाली. त्याच सुमारास जीआयपीने जळगावहून अमळनेरपर्यंत आपला फाटा आणला आणि दोन्ही टोकं जुळली. चाळीसगाव–धुळे हा फाटाही १९०० चाच. तो चाळीसगावहून निघाला आणि धुळ्याला येऊन थांबला. तिथून उत्तरेला काही कोसांवर तापी खोऱ्याचा नवा मार्ग जात होता, पण मधला तुकडा कुणी जोडला नाही. तो आजही जोडलेला नाही. लेखाच्या सुरुवातीला आलेला तीनशे किलोमीटरचा फेरा या न जोडलेल्या तुकड्यामुळे पडतो.

रूळ पडत होते ते वर्ष छप्पन्नच्या दुष्काळाचं होतं. विक्रम संवत १९५६ वरून गुजरात आणि खानदेशात त्याला ‘छप्पन्या’ म्हणतात. रेल्वे आली की धान्य येतं हे खरं, पण ते विकत घ्यायला हातात पैसा लागतो, हेही त्या वर्षी लोकांनी पाहिलं.

तीन मालक बदलले, दिशा तीच

मार्ग कंपनीचा असला तरी गाड्या चालवत होती बीबीसीआय. १९४२ मध्ये सरकारने ताप्ती व्हॅली रेल्वे विकत घेतली आणि ती बीबीसीआयमध्ये विलीन झाली. नंदुरबारच्या इतिहासात १९४२ हे साल अर्थात दुसऱ्या कारणासाठी ओळखलं जातं. त्या वर्षी ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गोळीबारात हुतात्मा झाले. शिरीषकुमारचं घर गुजराती व्यापाऱ्याचं. या गावात मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिली बोली एकाच बाजारात ऐकू येतात, त्यामागे तीच जुनी सुरतेची वाट आहे.

स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ ला बीबीसीआय आणि काही संस्थानी रेल्वे एकत्र करून पश्चिम रेल्वे स्थापन झाली. नंदुरबार तिच्या मुंबई विभागात गेलं. जळगाव आणि भुसावळ मध्य रेल्वेत राहिले. रेल्वेचं वेळापत्रक, डबे, नवी गाडी कुठून कुठपर्यंत न्यायची हे निर्णय विभाग आणि क्षेत्र पाहून होतात. नंदुरबार ज्या क्षेत्रात आहे त्याची बहुतेक स्टेशनं गुजरातेत आहेत, आणि महाराष्ट्रातली जी मोठी शहरं नंदुरबारला हवी आहेत ती दुसऱ्या क्षेत्रात. या एका गोष्टीने बऱ्याच मागण्या फायलींत का अडकतात हे कळतं.

यानंतर १ मे १९६० आला. द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशातली दीडशेहून जास्त गावं गुजरातेत गेली. सीमारेषा रेल्वेला ओलांडून गेली ती नेमकी नवापूर स्टेशनातून. आज नवापूरचा फलाट सुमारे आठशे मीटर लांब आहे. त्यातला तीनशे मीटर महाराष्ट्रात, पाचशे मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं दालन गुजरातेत. घोषणा चार भाषांत होतात. सीमेवरच्या बाकड्यावर दोघं बसले तर एक महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत, म्हणून लोक तिथे फोटो काढतात. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे एकाच फलाटावर दोन कायदे लागू होतात, ही गंमत पोलिसांना मात्र तितकीशी गमतीची वाटत नसावी.

एकेरी मार्ग म्हणजे काय असतं

बांधल्यापासून शंभरहून जास्त वर्षं या वाटेवर एकच रूळजोडी होती. त्याचा अर्थ समजून घेतला तर नंदुरबारच्या जुन्या प्रवाशांची चिडचिड समजते.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनात एकमेकींना ओलांडू शकतात. एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंतचा तुकडा एका वेळी एकाच गाडीला दिला जातो. पूर्वी त्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन दिलं जायचं. ते हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. अपघात टाळण्याची ही साधी आणि चोख पद्धत. पण समोरून गाडी येत असेल तर ती येईपर्यंत उभं राहणं आलं. मग थांबायचं कुणी? लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसला पुढे काढायचं असतं. कोळशाच्या मालगाडीला मध्येच थांबवून पुन्हा ओढणं अवघड असतं. उरते पॅसेंजर. ती खांडबारा, चिंचपाडा, रनाळा अशा कुठल्याही छोट्या स्टेशनाच्या बाजूच्या लाइनीवर उभी केली जाते.

सुरत–भुसावळ पॅसेंजर ही या पट्ट्याची जीवनवाहिनी होती. दूध, भाजी, शेळ्यांच्या बाजाराला जाणारी माणसं, व्यारा–बारडोलीच्या बाजूला मजुरीला निघालेली कुटुंबं, सुरतेच्या कारखान्यांतले कामगार, सगळे तिच्यात. आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वेळ उभी असायची. जितके गरीब प्रवासी तितकी जास्त वाट पाहणं, असा नियम कुणी केलेला नव्हता. एकेरी रुळांच्या गणितातून तो आपोआप तयार झाला होता.

दरम्यान वाहतूक वाढतच गेली. अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस, चेन्नईला जाणारी नवजीवन, सुरतेहून छपऱ्याला जाणारी ताप्ती गंगा, पुरीकडच्या गाड्या. सुरतेचे यंत्रमाग ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशच्या मजुरांवर चालतात आणि त्यांची गावाकडची वाट नंदुरबारवरून जाते. त्यामुळे स्टेशनात देशभराच्या गाड्या दिसत होत्या, पण त्यांत चढायला जागा नसे. डबे सुरतेलाच भरलेले. जिल्ह्याचं ठिकाण झालेल्या गावाची ही अवस्था होती. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, स्टेशन जिल्हा मुख्यालयाचं झालं, तरी रूळ एकेरीच होते.

दुसरी रूळजोडी आली तेव्हा

उधना ते जळगाव या ३०६ किलोमीटरच्या मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण सुमारे २,४०० कोटी रुपये खर्चून झालं आणि १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. त्याच दिवशी तीन गाड्यांना हिरवा झेंडा मिळाला: भुसावळ–वांद्रे ‘खान्देश एक्स्प्रेस’, नंदुरबार–उधना मेमू आणि उधना–पाळधी मेमू.

यातली खान्देश एक्स्प्रेस महत्त्वाची, कारण ती रात्रभरात मुंबईला पोचवते. नंदुरबारहून मुंबई सुरतमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर जळगावमार्गे गेलं तर पावणेसहाशेच्या जवळ. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याला आपल्या राजधानीला जायची जवळची रेल्वेवाट अर्धाअधिक गुजरातेतून जाते, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी सोयीचं तेच आहे.

मेमूचं महत्त्व वेगळं. साध्या पॅसेंजरला पुढे एक इंजिन असतं. मेमूत मोटारी डब्यांतच बसवलेल्या असतात, त्यामुळे गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याचा खटाटोप राहत नाही. दर सात-आठ किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीसाठी हे फार कामाचं.

पण वर्षभरात कोरोना आला आणि गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशभरातल्या पॅसेंजर गाड्या ‘एक्स्प्रेस स्पेशल’ म्हणून धावू लागल्या आणि कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेलं. खांडबाऱ्याहून नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला येणाऱ्या बाईसाठी जाण्यायेण्याचे वीसचे साठ झाले. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर दहांपैकी जवळपास सात माणसं आदिवासी आहेत आणि बहुसंख्य कुटुंबं शेती-मजुरीवर जगतात. तिथे हा फरक छोटा नव्हता. जुने दर परत आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.

त्याच काळातली एक वेगळी आठवण नंदुरबार स्टेशनाकडे आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत दवाखान्यांतल्या खाटा कमी पडल्या तेव्हा रेल्वेने रुग्णांसाठी बदललेले डबे इथे आणून उभे केले. देशभर असे हजारो डबे तयार केले गेले होते, पण प्रत्यक्ष रुग्ण ठेवले गेले अशी ठिकाणं मोजकी, आणि नंदुरबार त्यांतलं एक. पुढच्याच वर्षी, २९ जानेवारी २०२२ ला, स्टेशनात शिरत असलेल्या गांधीधाम–पुरी एक्स्प्रेसच्या स्वयंपाकाच्या डब्याला आग लागली. डबा वेगळा काढला गेला, जीवितहानी झाली नाही.

अजून काय अडलंय?

दुहेरी मार्गाने थांबण्याचा वेळ कमी केला, पण दिशेचा प्रश्न तसाच आहे. जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी नंदुरबार आणि नवापूर या दोनच तालुक्यांतून रेल्वे जाते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव तापीच्या पलीकडे, रुळांशिवाय. तोरणमाळच्या डोंगरातून किंवा नर्मदेच्या काठावरून निघालेल्या माणसाला स्टेशन गाठायला अर्धा दिवस लागू शकतो. आणि नाशिक, पुण्याला जायचं तर सगळ्यांनाच एसटी किंवा खासगी बस.

हे बदलू शकेल असा एक तुकडा म्हणजे नरडाणा ते बोरविहीर, सुमारे ५० किलोमीटर. नरडाणा तापी खोऱ्याच्या मार्गावर आहे, बोरविहीर चाळीसगाव–धुळे फाट्यावर. १९०० मध्ये जो मधला भाग रिकामा राहिला तो हाच. या धुळे–नरडाणा मार्गाची पायाभरणीही १६ फेब्रुवारी २०१९ च्याच कार्यक्रमात झाली. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तोही धुळ्यावरून जाणार आहे. दोन्ही पूर्ण झाले तर नंदुरबारची गाडी नरडाण्याला वळून धुळे, मालेगाव, मनमाड, नाशिक अशी जाऊ शकेल, आणि जळगावचा वळसा सुटेल.

अर्थात रूळ जोडले म्हणजे गाडी सुटतेच असं नाही. नरडाणा पश्चिम रेल्वेत, बोरविहीर मध्य रेल्वेत. कोणती गाडी कुणाच्या डब्यांनी, कुणाच्या वेळापत्रकात धावणार, हे दोन मुख्यालयांना मिळून ठरवावं लागेल. तोपर्यंत धानोऱ्याहून नाशिकला निघालेला माणूस नंदुरबारला येतो, स्टेशनावरून पुढे जातो आणि बसस्थानकावर उतरतो.